वाचकांचे प्रश्न : गेम खेळणाऱ्यांच्या डॉक्युमेंटरी बघताना

मागच्या अंकात स्पर्धेत व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांवरच्या डॉक्युमेंटरींबद्दल मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सगळ्या पत्रांना उत्तर देणं शक्य नाही, काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणांनी घरातलं लिहिलंय म्हणून.

ताई, माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, दिवसभर डोटा खेळतो. तुमचा लेख वाचून तोच म्हणाला की आई, तू माझ्यासोबत 'फ्री टू प्ले' बघ. मला त्या गेममधलं ओ की ठो कळत नाही. बघू का? बघून काय होणार?
(एक आई)

बघा. आज रात्रीच बघा, जेमतेम सव्वा तासाची आहे. आणि मुलगा स्वतः सांगतोय की माझ्यासोबत बघ, हे वाक्य सोडून देऊ नका, या वयाची मुलं स्वतःहून आईला शेजारी बसायला फार कमी वेळा बोलावतात.

2014 साली आलेली ही डॉक्युमेंटरी 2011 च्या एका स्पर्धेवर आहे. जर्मनीत कोलोनला गेम्सकॉम नावाचं मोठं प्रदर्शन भरतं तिथे 'द इंटरनॅशनल' ही डोटाची स्पर्धा पहिल्यांदा झाली, 16 टीम बोलावलेल्या आणि पहिल्या नंबरला 10 लाख डॉलर. तोपर्यंत डोटाच्या स्पर्धांमध्ये एवढ्या रकमेचं कुणी नावही काढलेलं नव्हतं त्यामुळे बऱ्याच खेळाडूंना हे खरं आहे की नाही याचीच शंका होती. कॅमेरा तिघांच्या मागे आहे: युक्रेनचा डेंडी, सिंगापूरचा हायहाय आणि अमेरिकेचा फिअर. ही त्यांची खेळातली नावं.

आता तुम्हाला का बघा म्हणते ते सांगते. त्यात गेम फार कमी आहे हो, घरंच जास्त आहेत. डेंडीचे वडील कॅन्सरने गेलेत आणि त्यानंतर तो गेममध्ये कसा शिरला ते घरचे लोक सांगतात. हायहायच्या घरच्यांना अभ्यास महत्त्वाचा वाटतो आणि तो त्यांचंही ऐकून घेतो, खेळणंही सोडत नाही, त्या ओढाताणीत तो किती एकटा पडलाय ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. फिअरची टीम दुसऱ्या खंडात विखुरलेली, त्यामुळे त्यांच्या वेळेनुसार खेळायचं म्हणून हा रात्र रात्र जागतो. आणि त्याची आईसुद्धा कॅमेऱ्यासमोर बोलते. तुम्ही तिचं बोलणं ऐका. मुलगा काय करतोय ते कळत नाही पण तो त्यात पूर्ण बुडालाय हे कळतं, या दोन्हीच्या मध्ये अडकलेली आई आहे ती, आणि मला वाटतं तुमचं पत्र वाचताना मला तिचीच आठवण झाली.

गेम कळला नाही तर थांबवून मुलाला विचारा. तो सांगेल, भरभरून सांगेल. चुकीचं विचारलं तरी चालेल. आणि एक गोष्ट त्याला तुम्हीही सांगा: ती स्पर्धा डेंडीची टीम जिंकली, हायहायची टीम तिसरी आली आणि तिसऱ्याला दीड लाख डॉलर होते म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्यात साडेआठ लाखांचा फरक. फिअरची टीम तर पहिल्या सहातही नव्हती. तिघंही तेवढेच झिजलेले. हे त्याला आधीच माहीत असेल, पण तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळू दे.

मी रोज खेळणारा आहे, मला घर, आई-बाबा, रडारड नको, खरा खेळ दाखवणारं काही सांगा.

'ट्रू साईट'. त्यातलाही 2018 च्या द इंटरनॅशनल फायनलचा भाग. तू आधी बघितला असशील तर पुन्हा बघ, या वेळी मी सांगते त्या नजरेने.

या सिरीजची पद्धत अशी की कॅमेरा थेट खेळाडूंच्या बूथमध्ये आणि मागच्या खोलीत असतो, आणि त्यांच्या हेडफोनमधलं आपापसातलं बोलणं आपल्याला ऐकू येतं. स्पर्धा चालू असताना प्रेक्षकाला फक्त कॉमेंटेटर ऐकू येतात, आत काय चाललंय ते नाही. इथे ते आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे गेमच्या आधी पात्रं निवडताना, कुठला हीरो घ्यायचा यावर पाच जण तीस सेकंदात भांडतात आणि मिटवतातही. कॅप्टन काहीतरी बोलतो आणि एक जण उत्तरच देत नाही, ते उत्तर न देणंसुद्धा ऐकू येतं.

ओजी टीमची गोष्ट तुला माहीत असेलच पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या स्पर्धेच्या दोन-अडीच महिने आधी त्यांचे दोन मोठे खेळाडू, फ्लाय आणि एस-फोर, दुसऱ्या टीममध्ये निघून गेले. उरलेल्यांपैकी नोटेलने काय केलं, तर कोच असलेल्या सेबला खेळायला बसवलं, ब्रेकवर गेलेल्या ऍनाला परत बोलावलं आणि टॉपसन नावाचा फिनलंडचा एक पोरगा घेतला ज्याला एवढ्या मोठ्या स्टेजचा काहीच अनुभव नव्हता. खुल्या क्वालिफायरमधून म्हणजे अगदी तळापासून चढत आले. वाटेत सोडून गेलेल्यांच्याच टीमशी गाठ पडली, तिला हरवलं. मग फायनलला चीनची पीएसजी डॉट एलजीडी समोर, दोन-एकने मागे पडले, चौथा गेम जवळजवळ गेलेला, तिथून सेबच्या एका चालीने फिरवला आणि शेवटी तीन-दोनने जिंकले.

पण तू बघताना दोन गेमच्या मधला वेळ बघ. हरून मागे आल्यावर ओजीवाले कसे बोलतात, कोण गप्प बसतो, कोण चेष्टा करून वातावरण हलकं करतो, कोण चूक सरळ माझी म्हणतो. आणि लगेच दुसऱ्या खोलीत एलजीडीवाले. दोन्ही बाजूला सारखेच थकलेले चेहरे. माझ्या मते त्या फायनलचा निकाल बराचसा त्या खोल्यांमध्ये लागला, स्क्रीनवर तो नंतर दिसला. तू रोज खेळतोस ना, मग आपली टीम हरल्यावर मायक्रोफोनवर आपण काय बोलतो ते आठव आणि हे बघ. पुढच्या वर्षी, 2019 ला शांघायमध्ये, हेच पाच जण परत जिंकले आणि ही स्पर्धा दोनदा जिंकणारी ती पहिली टीम ठरली, हे नुसत्या बोटांच्या वेगाने होत नाही.

ही सगळी गेम कंपन्यांनी स्वतःच काढलेली जाहिरात नाही का? 'फ्री टू प्ले' आणि 'ट्रू साईट' दोन्ही डोटा बनवणाऱ्या व्हॉल्वनेच काढल्यात. मग खरं किती मानायचं?

प्रश्न अगदी योग्य आहे आणि मागच्या अंकात मी हे लिहायला हवं होतं, राहून गेलं.

हो, पैसे कंपनीचे आहेत आणि बघून गेमकडे लोक येतात हे उघड आहे. त्यामुळे काही विषय तिथे येणारच नाहीत. मॅच फिक्सिंग घ्या. 2010 साली दक्षिण कोरियात स्टारक्राफ्ट या गेममध्ये केवढं मोठं प्रकरण झालं, अकरा खेळाडूंवर कायमची बंदी आली, त्यात एकेकाळचा सगळ्यात मोठा चॅम्पियनही होता. असं काही कंपनीच्या डॉक्युमेंटरीत मध्यभागी येईल असं मला वाटत नाही. पगार थकवणारे मालक, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी न वाचता सही केलेले करार, हेही नाही.

पण कंपनीने काढली नाही म्हणजे खरी असंही नसतं बरं का. 2007 ची 'द किंग ऑफ काँग' बघा. डाँकी काँग या जुन्या आर्केड गेमच्या विक्रमासाठी स्टीव्ह वीबी आणि बिली मिचेल यांची झुंज. नोकरी गेल्यावर शिक्षक झालेला एक साधा माणूस, गॅरेजमध्ये मशीन लावून खेळणारा, आणि समोर वर्षानुवर्षांचा नावाजलेला चॅम्पियन. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा वीबीसाठी अक्षरशः जीव तुटत होता. नंतर कळलं की मिचेलचा 1982 चा विक्रम वीबीच्याही आधी, 2000 साली, टिम स्झेर्बी नावाच्या तिसऱ्याच खेळाडूने मोडलेला होता आणि डॉक्युमेंटरीत तो माणूसच नाही. दोघांची लढाई दाखवायची तर तिसरा आडवा येतो ना. त्याला काढून टाकलं की गोष्ट स्वच्छ होते पण खरी राहत नाही.

आणि पुढे काय झालं तेही त्यात नाही, कारण ते नंतरचं आहे. 2018 मध्ये विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ट्विन गॅलॅक्सीज संस्थेने मिचेलचे सगळे स्कोअर काढून टाकले, टेपमधला खेळ मूळ आर्केड मशीनवरचा नाही असा आक्षेप होता. तो कोर्टात गेला, वर्षानुवर्षं चाललं आणि 2024 च्या सुरुवातीला समझोता होऊन स्कोअर जुन्या नोंदींच्या यादीत परत आले. म्हणजे डॉक्युमेंटरी संपली तरी माणसं संपत नाहीत, त्यांचं पुढे चालूच असतं.

मी स्वतः बघताना एक करते, बघून झाली की त्या स्पर्धेचा पूर्ण निकाल शोधते. दुसरा कोण, पाचवा कोण, डॉक्युमेंटरीत ज्याला दोन सेकंद दाखवलं तो कोण. अर्धा तास जातो पण मग कळतं की कापलं काय.

'द स्मॅश ब्रदर्स'चं एवढं कौतुक का करता? चार तासांच्या वर आहे, नऊ भाग, चित्र धुरकट, आवाज कसाही. दोन भाग बघून सोडली.

तिसरा भाग बघा. खरंच. मला माहितीये सुरुवात जड जाते, पण मला विचाराल तर स्पर्धात्मक गेमिंगवर जे काही बनलंय त्यात ही सिरीज सगळ्यात प्रेमाने बनलेली आहे. आणि वरच्या प्रश्नाला जोडूनच सांगते की ती कंपनीची नाही, लोकांकडून वर्गणी गोळा करून एका खेळाडूनेच बनवली आणि 2013 च्या ऑक्टोबरमध्ये यूट्यूबवर सरळ फुकट टाकली. चित्र धुरकट आहे कारण ते लोकांनी घरच्या साध्या कॅमेऱ्यांनी काढलेलं आहे. कुणाच्या तरी घराच्या तळघरात, हॉलमध्ये, हॉटेलच्या खोलीत गाद्या टाकून झालेल्या स्पर्धा आहेत त्या. दुसरं चित्र अस्तित्वातच नाही.

गेम आहे सुपर स्मॅश ब्रदर्स मेली, 2001 चा. निन्टेन्डोने बनवला तो घरात चार जणांनी बसून मजेत खेळायला. पण पोरांनी त्याच्या आत काय शोधून काढलं बघा. हवेतून तिरकं जमिनीकडे डॉज केलं की पात्र उभ्या-उभ्या घसरत जातं, त्याला वेव्हडॅश म्हणतात. जमिनीला टेकायच्या आधीच्या 7 फ्रेममध्ये शील्डचं बटण दाबलं की हल्ल्यानंतरची अडखळ निम्मी होते. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे स्क्रीनवरची 60 चित्रं, असतात म्हणजे 7 फ्रेम म्हणजे एका सेकंदाच्या आठव्या भागापेक्षाही कमी आणि हे प्रत्येक उडीला करायचं, पूर्ण मॅचभर. मेवटूकिंग नावाचा खेळाडू तर प्रत्येक पात्राच्या प्रत्येक चालीच्या फ्रेम मोजून लिहून ठेवायचा, कुणी सांगितलं नव्हतं, पैसेही नव्हते. जुने जाड काचेचे टीव्ही ते लोक आजही गोळा करून स्पर्धेला आणतात कारण नव्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत थोडा उशीर होतो आणि या खेळात तेवढा उशीर चालत नाही.

प्रत्येक भाग साधारण एकेका खेळाडूचा आहे. केन, जो वर्षानुवर्षं हरतच नव्हता. इसाई, ज्याला एकट्याने जिंकण्यात फार रसच नव्हता, मित्रासोबत डबल्स खेळायला आवडायचं. शेवटी मँगो. भाग बघत गेलं की कळतं की एकाने जे शोधलं त्यावर दुसरा उभा राहिला, मग तिसऱ्याने दुसऱ्याला पाडलं, हे सगळं शाळा-कॉलेजातल्या पोरांनी आपापसात उभं केलेलं आहे. 2008 ला गेमचा पुढचा भाग आला तेव्हा मेली संपणार असंच सगळे धरून चालले होते. 2013 ला इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत कुठला गेम घ्यायचा हे देणगीवर ठरणार होतं, ब्रेस्ट कॅन्सरच्या संशोधनासाठी देणगी. मेलीवाल्यांनी 94 हजार डॉलरच्या वर जमवले आणि जागा मिळवली. मग निन्टेन्डोने त्या मॅच ऑनलाइन दाखवायला मनाई केली आणि लोक खवळल्यावर काही तासांत ती मागेही घेतली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ही सिरीज आली आणि ती बघून मेलीकडे नवीन खेळाडू आले, एका डॉक्युमेंटरीने बारा वर्षं जुन्या गेमला परत माणसं मिळवून दिली.

म्हणून कौतुक करते. धुरकट चित्राची सवय होते.

मुली का नसतात या डॉक्युमेंटरीत? माझी भाची विचारत होती, मला उत्तर देता आलं नाही.

भाचीला सांगा की आहेत, पण शोधाव्या लागतात आणि हे चूकच आहे.

2020 च्या 'हाय स्कोअर' या सिरीजचा पहिला भाग तिला दाखवा, त्यात रेबेका हाइनमन आहे. 1980 साली अमेरिकेत स्पेस इन्व्हेडर्सची राष्ट्रीय स्पर्धा झाली, व्हिडिओ गेमच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या स्पर्धांपैकी एक, ती तिने जिंकली. ती ट्रान्स स्त्री, त्या काळी मुलगा म्हणूनच ओळखली जायची, आणि स्वतःचं ते सगळं ती कॅमेऱ्यासमोर इतकं मोकळेपणाने सांगते की मी तो भाग दोनदा बघितला. नंतर ती स्वतः गेम बनवायला लागली.

पण तुमच्या भाचीला आजची नावं हवी असतील. कॅनडाची स्कार्लेट, तिने फेब्रुवारी 2018 मध्ये प्योंगचांगला स्टारक्राफ्ट टूची मोठी स्पर्धा जिंकली, कोरियन खेळाडूंना त्यांच्याच देशात हरवून. चीनची लियून, 2019 ला ब्लिझकॉन या गेम कंपनीच्या मेळाव्यात हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेमची जागतिक फायनल जिंकली, दोन लाख डॉलर. जिंकल्यावर तिने सांगितलं की पूर्वी एका स्पर्धेला रांगेत उभी असताना एकाने तिला म्हटलं होतं की मुलगी आहेस तर या रांगेत उभी राहू नकोस. या दोघींवर कुणीतरी नीट, दोन-तीन तासांची सिरीज करायला हवी. अजून कुणी का केली नाही याचा मला मनापासून राग येतो.

मला गेम अजिबात येत नाही, स्क्रीनवर नुसते रंग उडताना दिसतात. बघायचं कसं?

स्क्रीनकडे बघू नका, हात आणि चेहरे बघा. आणि प्रेक्षकांचा आवाज ऐका. 2004 ची एक क्लिप सगळीकडे मिळते, स्ट्रीट फायटर थ्रीची, जपानचा डायगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग. डायगोची ताकद संपत आलेली, साधा अडवलेला फटकासुद्धा त्याला पुरला असता. वाँग सुपर म्हणजे पंधरा फटक्यांचा मोठा हल्ला सोडतो. अडवून उपयोग नाही, प्रत्येक फटक्याला नेमक्या क्षणी जॉयस्टिक पुढे ढकलून तो झेलावा लागतो, आणि डायगो पंधराच्या पंधरा झेलतो. तुम्हाला गेमचा एकही नियम माहीत नसला तरी लोकांचा आवाज कसा चढत जातो त्यावरून कळतं की काहीतरी अशक्य चाललंय. ती स्पर्धा डायगो जिंकला नाही हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

जुन्या, साध्या गेमवरचं काही आहे का? आजोबांसोबत बघायचंय.

आहे. 2011 ची 'एक्स्टसी ऑफ ऑर्डर', टेट्रिसवर. आजोबांना दोन मिनिटांत कळेल. 2010 ला पहिली क्लासिक टेट्रिस स्पर्धा झाली तिच्यासाठी जुने खेळाडू एकेक करून शोधून काढतात, त्यातला एक थॉर आकरलुंड 1990 चा चॅम्पियन आणि मधली वर्षं तो जवळपास दिसेनासाच झालेला. जिंकला जोनस न्यूबॉअर. त्याने पुढे ही स्पर्धा एकूण सात वेळा जिंकली, 2018 ला एका सोळा वर्षांच्या मुलाकडून फायनल हरला तेव्हा त्याचं इतकं मनापासून कौतुक केलं की ते बघण्यासारखं आहे. जानेवारी 2021 मध्ये तो गेला, फक्त 39 वर्षांचा होता.

बघून झालं की आजोबांना सांगा, त्या डॉक्युमेंटरीत लेव्हल 29 च्या पुढे माणसाला खेळणं जवळपास अशक्य मानलेलं आहे. डिसेंबर 2023 मध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा लेव्हल 157 पर्यंत गेला आणि गेमच गोठला.

मी नववीत आहे. मला प्रो व्हायचंय. रोज किती तास खेळायचं?

तासांचा आकडा मी सांगणार नाही, कारण तू तोच धरून बसशील.

त्याऐवजी हे बघ. फिअरबद्दल वर लिहिलंय ना, त्याच्या हाताला इतका त्रास झाला की 2014 ची द इंटरनॅशनल त्याला खेळताच आली नाही, टीमसोबत कोच म्हणून गेला. 2015 ला परत आला आणि जिंकला, टीमला 66 लाख डॉलर मिळाले, तेव्हा तो 27 वर्षांचा होता आणि त्या खेळात त्याला म्हातारा म्हणत होते. मनगट, खांदा, पाठ, झोप, हे सगळं आत्तापासून सांभाळायचं असतं, दुखायला लागल्यावर नाही. हात दुखला तर त्या दिवशी खेळ बंद आणि घरी सांगायचं, लपवायचं नाही.

दुसरं, जागा मोज. त्या पहिल्या स्पर्धेत 16 टीम, प्रत्येकी 5 जण, म्हणजे सगळ्या जगातून 80. बक्षिसाच्या आकड्यांवरही जाऊ नकोस, द इंटरनॅशनलची एकूण रक्कम 2021 ला 4 कोटी डॉलर होती आणि 2023 ला 30 लाखांच्या थोडी वर, दोन वर्षांत एवढी खाली आली. पण या खेळाभोवती कोच आहेत, आकडे तपासणारे ऍनालिस्ट आहेत, कॉमेंटेटर, एडिटर, डॉक्युमेंटरी बनवणारे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तुझ्यासारखंच प्रो व्हायचंय म्हणून सुरुवात केली होती. स्वतःच्या हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग बघायची सवय लाव, बहुतेक मुलं फक्त जिंकलेलं बघतात. आणि शाळा सोडू नकोस, हे मी मोठी म्हणून नाही सांगत, 2017 ला लीग ऑफ लेजेंड्स या गेमची जागतिक फायनल हरल्यावर टेबलावर डोकं टेकवून रडणारा फेकर बघितलाय म्हणून सांगते. तो आधीच तीनदा जगज्जेता होता तरी पुढचं जेतेपद 2023 ला आलं. तेवढी वर्षं वाट बघायची ताकद तुझ्यात आणि तुझ्या घरच्यांत आहे का याचा घरच्यांसोबत बसून विचार कर, आणि मला परत लिही, नक्की लिही.

शेवटी नेहमी जिंकणारेच का दाखवतात? हरलेल्यांवर कुणी सिरीज काढली तर कुणावर काढावी?

ऍमेवर.

वर ओजीची गोष्ट सांगितली ना, त्यात समोरच्या एलजीडीमध्ये तो होता. 2018, व्हँकुव्हर, तीन-दोनने हरले. 2021, बुखारेस्ट, पुन्हा फायनल, समोर टीम स्पिरिट, पहिले दोन गेम गेले, पुढचे दोन जिंकून बरोबरी केली आणि पाचवा गेला. पुन्हा तीन-दोन. 2025, हॅम्बुर्ग, आता टीम वेगळी, एक्सट्रीम गेमिंग, पुन्हा फायनल, समोर फाल्कन्स, आणि पुन्हा तीन-दोन. सात वर्षांत तीन फायनल आणि तिन्ही शेवटच्या गेमपर्यंत जाऊन हरलेल्या, असं दुसऱ्या कुठल्या खेळात झालं असतं तर आत्तापर्यंत त्याच्यावर किती लिहून आलं असतं.

2018 च्या 'ट्रू साईट'मध्ये तो दिसतो पण गोष्ट ओजीची आहे त्यामुळे शेवट झाला की कॅमेरा तिकडे जातो, मिठ्या, ओरडणं, ट्रॉफी. मला त्याच्याकडे थांबलेला कॅमेरा हवा होता. पाचवा गेम संपल्यावर हेडफोन काढायच्या आधी खेळाडू काही क्षण तसाच बसून राहतो, स्क्रीनवर हरल्याचं लिहिलेलं असतं, बाहेर कागदाचे तुकडे उडत असतात पण ते दुसऱ्यांसाठी असतात. तिन्ही फायनलचे ते क्षण एकापाठोपाठ एक लावा, मागे संगीत नको, कुणाचं बोलणंही नको, आणि मग त्याला विचारा की चौथ्यांदा परत कसा येतोस. त्याने उत्तर दिलं नाही तरी चालेल, मी ती सिरीज पहिल्या दिवशी बघेन.